हे शेण नव्हे

आमच्या घराच्या मागे, जिथे पूर्वी तुमच्या आजोबांची स्कूटर उभी असायची, तिथे आता गांडुळं राहतात. मागच्या महिन्यात फोनवर ती पाहायचा तुम्ही दोघांनी हट्ट धरलात. मी गोणपाट उचललं आणि धाकटीने "ई!" करून फोनच टाकून दिला. थोरल्याने मात्र विचारलं, "आजी, तू यांना काय खायला घालतेस? आणि चुकून मेली तर?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हाच दिलं. दुसऱ्याचं फोनवर देण्यासारखं नव्हतं. ती एकदा मेली होती, आणि चूक माझी होती.

तुम्हाला ठाऊक आहे की मी आयुष्यभर इथे हुबळीत, विद्यानगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. पुस्तक चुकीच्या फळीवर दिसलं तर मला घास गोड लागत नसे. निवृत्त झाल्यावर ती सवय घरात आली. आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे, पिठांच्या डब्यांवर दळून आणल्याची तारीखसुद्धा आहे. तुमचे आजोबा म्हणतात, "दुपारी डोळा लागला की मी एक डोळा उघडा ठेवतो. नाहीतर ही माझ्या कपाळावरही चिठ्ठी डकवेल." माझं शिक्षण इंग्रजीत झालं, घरात मराठी, आणि कन्नड मी बसमध्ये, बाजारात आणि कॉलेजच्या शिपायांकडून उचललं. बोलते अडखळल्याशिवाय. लिहितेही चांगलं, असा माझा समज होता.

आता भाजीवाल्या अक्काविषयी. ती आठवड्यातून तीनदा येते. तिचं गाव अळणावरच्या पुढे, रानाच्या कडेला. पहाटेच्या गाडीने टोपली घेऊन ती हुबळीला उतरते आणि नऊच्या सुमाराला फाटकाशी "अक्का ओऽऽ" अशी हाक येते. मी वयाने मोठी म्हणून ती मला अक्का म्हणते. इथे भाजी विकणारी प्रत्येक बाई अक्काच, म्हणून मी तिला अक्का म्हणते. तिच्या घरी मराठी बोलतात, पण ती पाचवीपर्यंत शिकली ती कन्नड शाळेत. म्हणजे बोलायला मराठी, वाचायला कन्नड. आणि तिच्या मराठीत बायकाही "मी आलो, मी केलो" असंच म्हणतात, तेव्हा पुढे वाचताना हसू नका. तिकडे तशीच रीत आहे.

गांडुळं मी धारवाडच्या शेतकी मेळ्यातून आणली होती, एका डब्यात. शेतात खोल बिळं करून राहतात ती ही नव्हेत. ही बारीक, तांबडी, पाल्यापाचोळ्यात वरच्यावर राहणारी. खाली विटांचे तुकडे, त्यावर नारळाच्या शेंड्या, त्यावर अर्धवट कुजलेला पाला आणि पंधरा दिवसांचं जुनं शेण. ताजं शेण चालत नाही. ते आतून तापतं आणि गांडुळं भाजून निघतात. पाणी इतकंच, की मूठभर ओला पाला पिळला तर बोटांतून दोन थेंब पडावेत. वर ओलं गोणपाट. दोनेक महिन्यांत त्याची चहाच्या भुकटीसारखी काळी, रवाळ माती होते आणि शेणाचा वास पार नाहीसा होतो.

अक्काने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा नाकाला पदर लावला. "हे काय पाळलाय ओ अक्का? कोंबड्या तरी पाळायच्या हुत्या. अंडी मिळाली असती."

पण महिना-दोन महिन्यांनी ती माझ्या कुंडीतल्या वांग्याच्या झाडापुढे उकिडवी बसली, पान उलटं करून पाहिलं, वांगं अंगठ्याने दाबलं, आणि ज्या स्वरात मी कधी दुसऱ्या कॉलेजच्या लायब्ररीबद्दल बोलत असे त्या स्वरात म्हणाली, "हे आमच्यापेक्षा झ्याक कसं काय आलंय?"

तिच्याकडे ऊस असतो. ऊस तोडल्यावर शेतात वाळलेल्या पानांचा गुडघाभर थर राहतो, त्याला पाचट म्हणतात, आणि दरवर्षी ते पेटवून देतात. गांडुळांना काय चालतं हे समजल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो हाच: "पाचट खात्यात काय?" खातात म्हटल्यावर ती टोपली बाजूला सारून पायरीवर टेकली. मग तिने मला विहिरीजवळच्या तुकड्याबद्दल सांगितलं.

तो दहा गुंठ्यांचा तुकडा तिला भाजीसाठी हवा होता. आजवर ती बांधावर आणि परसात पिकेल तेवढी भाजी आणत असे आणि उरलेली टोपली शेजारणींच्या मालाने भरत असे. विहिरीजवळचा तुकडा मिळाला तर टोपली पूर्ण तिची होणार होती. तिचा नवरा तारिहाळला एका कारखान्यात लेथवर आहे, रविवारी तेवढा घरी येतो. शेतीचं सगळं ती आणि तिचे सासरे मिळून ठरवतात, म्हणजे सासरे ठरवतात. सासऱ्यांचं मत असं की ऊस कुणी तोडून खिशात घालत नाही, वांगी घालतात. पण तिने इतका पिच्छा पुरवला की त्यांनी शेवटी अट घातली. एक हंगाम तुकडा तुझा. गोणीतलं खत तुला मिळणार नाही, ते उसाचं. किडे खत करतात म्हणतेस तर करू देत. मृगाला रानात घालायला खत तयार नसलं तर मी मका टोकणार, पुढे तिथे ऊस, आणि हा विषय परत काढायचा नाही.

"करू या," मी म्हटलं. मला एका क्षणाचीही शंका नव्हती.

संक्रांत झाल्यावर मी तिच्या गावी गेले. गोठ्याला लागून आंब्याची गर्द सावली आहे, तिथे आम्ही दोघींनी वाफा रचला. माझ्याकडची निम्मी गांडुळं त्यात सोडली. निम्मी मी घरी ठेवली, कारण एकच प्रत असलेलं पुस्तक लायब्ररीबाहेर देत नाहीत. आणि मला दर आठवड्याला तिकडे जाणं जमणार नव्हतं, म्हणून मी तिला एक तक्ता लिहून दिला. कन्नडमध्ये, सुवाच्य अक्षरात, आठवडेवार. कधी पाणी, कधी नवा थर, थराची जाडी किती बोटं. तो प्लास्टिकच्या पाकिटात घालून तिने गोठ्यात खुंटीला अडकवला. परत येताना मी फार खुशीत होते.

शिवरात्रीनंतरच्या आठवड्यात एक दिवस नऊ वाजले तरी फाटकाशी हाक आली नाही. मी सहज दार उघडलं तर ती पायरीवर बसलेली. टोपली नव्हती. मांडीवर एक स्टीलचा डबा होता.

"आज भाजी नाही?"

"न्हाई. हे बगा." तिने डबा उघडला.

आत गांडुळं होती. फिकट, फुगलेली, एकही हलत नव्हतं. मी चष्मा लावला आणि, आता लिहिताना लाज वाटते, तिची उलटतपासणी घेतली.

"वाफ्यावर ऊन येत होतं?"

"सावलीच हाय की दिसभर."

"पाणी जास्त झालं असेल."

"मूठ दाबून बगितलो. दोनच थेंब."

"मुंग्या?"

"कडंनं हळद टाकलो हुतो."

"मग तू ताजं शेण घातलंस. अगं, मी शंभरदा सांगितलं होतं, जुनं घाल, जुनं घाल…"

"शेण तर घातलोच न्हाई मी!"

"का नाही घातलंस?"

"तुमी कुटं लिवलाय शेण?"

तिने कमरेला खोचलेला तक्ता काढला, पाकिटातून बाहेर घेतला आणि बोट ठेवून कन्नड ओळ वाचली. पाचटाचा थर चार बोटं, त्यावर अर्धी बुट्टी गोब्बर, त्यावर पाणी. बुट्टी म्हणजे टोपली.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "गोब्बर. शेण."

आतल्या खोलीत तुमच्या आजोबांचा पेपर खाली आल्याचा आवाज झाला. ते कोर्टात चाळीस वर्षं कन्नड कागद वाचत आले आहेत. दारात येऊन ते अगदी हळू म्हणाले, "अगं, गोब्बर म्हणजे खत. शेणाला इथे हेंडी म्हणतात."

हेंडी हा शब्द मला ठाऊक नव्हता असं नाही. रोज कानावर पडतो. पण तो मला बोलण्यातला, जरा गावंढळ वाटत असे, आणि लिहायचं तर शुद्ध लिहावं म्हणून मी गोबर गॅसवरून मनाशी ठरवून टाकलं होतं की शेणाला कन्नडमध्ये गोब्बर म्हणत असणार. शब्दकोश माझ्या उशाशी होता. तो मी उघडला नाही.

तिच्या गावात गोब्बर म्हटलं की आधी डोळ्यांपुढे गोणी येते. सरकारी गोब्बर, म्हणजे युरिया. उसाच्या गोणीतला दोन शेर युरिया तिने सासऱ्यांच्या विनवण्या करून मागून घेतला होता. तेही हसले होते: "खत करायला खत लागतंय व्हय?" आणि तो पांढरा युरिया तिने माझ्या तक्त्याप्रमाणे पाचटावर पसरून वर पाणी मारलं होतं.

"पण तू माझ्याकडे इतके महिने पाहते आहेस," मी म्हटलं. "पहिला थर आपण दोघींनी शेणाचाच घातला. तुला शंका नाही आली?"

"आली की. रातभर इचार केलो." ती माझ्याकडे रागाने नव्हे, समजावून सांगावं तशी बघत होती. "बोलताना तुमी शेण म्हंता. लिवताना गोब्बर लिवलाय. म्हंजे ह्ये काय तरी येगळं. तुमी लायब्ररीवाल्या. उगीच शब्द कशाला बदलशीला?"

नोकरीत माझ्यावर कुणी इतका विश्वास टाकला नव्हता. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि म्हटलं, "अक्का, चूक माझी आहे. तुझी काडीची नाही."

"चूक ऱ्हाऊ दे. मिरगाला दिस किती ऱ्हायलेत ते बोला. मामंजी नांगराचा फाळ घासाय काढलेत."

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. तीन महिने होते, पण उन्हाळ्याचे, आणि उन्हाळ्यात गांडुळं सुस्तावतात. तरी होण्यासारखं होतं. मी तिला तसं सांगितलं, आणि या वेळी सांगण्याआधी मनात नीट मोजून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी घरच्या वाफ्यातली गांडुळं, त्यांच्या खालच्या मातीसकट, मी एका जुन्या माठात भरली, तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि आम्ही दोघं गाडीने निघालो. समोरच्या बाकावरच्या बाईने विचारलं, "काय, ताक काय?" आजोबा म्हणाले, "नाही, नातेवाईक आहेत."

सासरे गोठ्याच्या दाराशी घोंगडीवर बसले होते. "या. किडेवाल्या बाई आल्या."

मी बसायच्या आधी त्यांना सांगून टाकलं की सुनेने काही चुकवलेलं नाही, मी शब्द चुकीचा लिहिला. त्यांनी तक्ता मागितला, हातभर लांब धरला, उलटा केला, परत सुलटा केला.

"मला कानडी वाचाय येत न्हाई. मी मराठी साळंतला, चौथी." मग, युरिया आपणच काढून दिला होता हे सोयीस्कर विसरून, तक्त्यावर बोट आपटून म्हणाले, "ह्ये मराठीत लिवला असता तर मीच वाचून सांगितलो असतो की, खुळ्यांनो, किड्याला कोण युरिया चारतंय व्हय? घरात वाचणारा माणूस हुता न्हवं? विचारायचं हुतं!"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

"मग अट थोडी सैल कराल का?" आजोबांनी वकिली सुरात विचारलं.

"मिरग म्हंजे मिरग," सासरे म्हणाले. पण उकिरड्याच्या तळाशी गेल्या वर्षीचं शेण आहे, ते भुसभुशीत झालंय, तेच घ्या, हेही त्यांनीच सांगितलं.

अक्काने आणि मी युरियाचा सगळा थर उपसून उसात पसरला, तिथे तो वाया जाणार नव्हता. विटा धुतल्या. पाचटाच्या ढिगातला खालचा काळपट, मऊ पडलेला भाग निवडून घेतला. माठ रिकामा केला तेव्हा गांडुळं क्षणभर उजेडात वळवळली आणि खाली गेली. मी पिशवीतून कोरा कागद काढला, पेन उघडलं आणि ते अक्काच्या हातात दिलं.

"तू लिही."

"मी? माझं अक्षर बगशीला तर…"

"अक्षर असू दे. शब्द तुझे हवेत."

ती गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत गेली, मी बोलत गेले. हेंडीपाशी ती थांबली, माझ्याकडे पाहून खुदकन हसली आणि तो शब्द मुद्दाम मोठ्या अक्षरात काढला.

चैत्र तापला. ती दिवसातून दोनदा विहिरीचं पाणी शिंपडत होती, आंब्याखाली आणखी एक झापाचा आडोसा केला होता. माझ्याकडे भाजी घेऊन आली की आधी वाफ्याची खबर, मग कोथिंबीर. मग पंधरा दिवस खबर एकच: "काय दिसंना." वरचा थर हलवला तर एकही गांडूळ नाही. तिचा धीर सुटत चालला होता. मी सांगितलं, उकरू नकोस, उन्हाने ती खाली गेली आहेत. मला खात्री होती. तरी आमच्या रिकाम्या झालेल्या वाफ्याजवळ मी रोज एकदा उगाच उभी राहत असे, कारण आता दुसरी प्रत शिल्लक नव्हती.

एके सकाळी हाक फाटकाशी नाही, कोपऱ्यावरूनच आली. "अक्का ओऽऽ!" तिने काडेपेटी उघडून माझ्या तळहातावर ओतली. आत ओल्या मातीच्या कणाबरोबर मोहरीएवढे पिवळसर दाणे होते, टोकांना निमुळते, इवल्याशा लिंबासारखे. गांडुळांची अंडी.

"पोरं झाली ओ! आता पेढे काडा!"

पेढे नव्हते. मी गूळ-शेंगदाणे दिले आणि आजोबांना आत हाक मारून सांगितलं, "नातेवाइकांकडे बारसं आहे."

मृगाच्या आधी चार दिवस मी परत गेले. पाणी आधीच बंद केलं होतं. वाफ्यातल्या खताचे उजेडात छोटे शंकू केले, म्हणजे गांडुळं अंधाराकडे, तळाशी जातात आणि वरचं खत अलगद काढून घेता येतं. चाळून ढीग लावला. खत सुरेख झालं होतं. पण ते दहा गुंठ्यांना पुरणारं नव्हतं. सासरे काठी टेकून आले, ढिगाकडे पाहिलं, तुकड्याकडे पाहिलं.

"सहा गुंठं," ते म्हणाले. अंदाज त्यांचा अचूक होता.

मी काही बोलणार इतक्यात अक्काच बोलली. "सहा गुंठ्यात माझं घालतो. ऱ्हायलेल्या चारात तुमचं गोणीचं घाला, मामंजी. वांगी दोनीकडं मीच लावतो. मग बगू."

सासऱ्यांना पैज आवडते. त्यांनी मान हलवली.

पहिला महिना खरं तर गोणीचाच होता. चार गुंठ्यांतली झाडं वीतभर उंच आणि हिरवीगार, सहा गुंठ्यांतली बुटकी. अक्का मला हे सांगताना तोंड कडू करून सांगायची, कारण सासरे रोज जेवताना विचारायचे, "किडे जेवले काय आज?" मग पाऊस तीन आठवडे गायब झाला. चार गुंठ्यांतली उंच झाडं दुपारी माना टाकायला लागली, फुलं गळाली. सहा गुंठ्यांतल्या मातीत बोट खुपसलं तर आत ओल लागत होती. तिथली झाडं वाढली नाहीत, पण थांबलीही नाहीत. गणपतीपासून तिच्या टोपलीत वांगी दिसायला लागली आणि दसरा झाला तरी ती येत होती. टोपलीत आता शेजारणीची एक जुडीही नसते. मी विचारलं, सासरे काय म्हणाले? ती म्हणाली, "काय न्हाईत. दसऱ्याला आपट्याची पानं दिले आणि म्हणाले, ती चार गुंठं बी तूच बग."

दिवाळीनंतर आम्ही गेलो ते गांडुळं परत आणायला, आमचा वाफा भरायला. त्यांच्याकडे आता दोन वाफे आहेत, दुसरा सासऱ्यांनी स्वतः बांधला आहे, उसासाठी. पाचट या वर्षी जाळलं नाही. गोठ्यात खुंटीला अक्काच्या हातचा तक्ता होता, हेंडी मोठ्या अक्षरात. त्याच्या शेजारच्या खुंटीला युरियाची अर्धी गोणी तोंड बांधून टांगलेली होती आणि तिच्यावर कोळशाने, ठसठशीत मराठीत, चौथीतल्या वळणाचं अक्षर काढलेलं होतं:

हे शेण नव्हे.

मी ते दोनदा वाचलं. चिठ्ठ्यांच्या बाबतीत मी सहसा कुणाला मानत नाही, पण यात एक शब्द जास्त नव्हता आणि एक कमी नव्हता. "छान केलंत," मी सासऱ्यांना म्हटलं. "आता सून कधी चुकायची नाही."

"तिच्यासाठी कुटं लिवलोय?" ते म्हणाले. "तिला मराठी कुटं वाचाय येतंय? तुमच्यासाठी हाय ते, बाई. तुमी येत-जात असता."